पोटोबाच्या पानांवरचे डाग

मंगळवार, ४ मार्च

पोटोबाच्या पानावर आज डाग दिसला. टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, तपकिरी, मधोमध किंचित खोलगट.

पोटोबा म्हणजे लेकीची घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरीसारखा देठ लोंबतो आणि त्याला झाकणाचा छोटा घडा लागतो. घड्यात किडा घसरला की पुन्हा बाहेर येत नाही. कॉलेजसाठी वसतिगृहात जाताना लेक रडली नाही, पण कुंडी माझ्या हातात देताना तिचा आवाज बदलला होता. "आई, याला मारू नकोस हं." मी हसले होते. आईला कोणी असं सांगतं का?

तिने सांगितलेलं सगळं मी पाळते. नळाचं पाणी नाही, बाटलीतलं डिस्टिल्ड. खत नाही. ऊन कोवळं. पानांवर धूळ साचू द्यायची नाही. गेल्या आठवड्यापासून धूळ वाढलीय, म्हणून पानं मी रोज सकाळी स्वतः पुसते. नळाच्या पाण्याने पुसली तर क्षार राहतील, म्हणून आमच्या लॅबमध्ये रक्त काढण्याआधी दंड पुसतो तसा स्पिरिटचा बोळा फिरवते. स्पिरिट उडून जातं, मागे काही उरत नाही. (बाटली मी दुकानातून विकत आणलेली आहे, लॅबमधली नव्हे.)

सासऱ्यांना डाग दाखवला. बाबा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना त्यांचाच तिकीट-पंच भेट दिला. तो दिवसभर त्यांच्या हातात असतो आणि घरभर टिक-टिक चालू असते. त्यांनी डाग निरखून पाहिला, पंच वर धरला आणि म्हणाले, "सूनबाई, हे काम माझं नाही हं. माझं भोक आरपार असतं."


रविवार, ९ मार्च

आता चार पानांवर डाग आहेत. काही गोल, काही लांबट, ओघळ सुकल्यासारखे.

सकाळभर वाचत बसले. बुरशी, कडक ऊन, खारं पाणी, खताचा मारा, कोंदट हवा. एकेक कारण घेतलं आणि एकेक खोडलं. ऊन पडद्यातून येतं. खिडकी दिवसा उघडी असते. पाण्याबद्दल तर प्रश्नच नाही. नवऱ्याला विचारलं तर तो पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "अगं, वयानं डाग पडतातच. माझ्या टकलावर बघ." याला कुठल्याही आजारावर एकच औषध माहीत, पेपर.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. काचेच्या बाजूची पानं अगदी स्वच्छ आहेत. कुंडी कोपऱ्यात घट्ट बसलीय, तिकडे माझा हात पोचत नाही, त्यामुळे त्या पानांवर धूळही आहे. तरी डाग नाही. उजेडाचा गुण असावा.

आजपासून दोन वेळा पुसते आहे.


बुधवार, १२ मार्च

डागी पानाचा तुकडा लॅबमध्ये नेला. खाजगी कामासाठी लॅबचा मायक्रोस्कोप वापरणं बरं नव्हे, म्हणून आधी डॉक्टरबाईंची परवानगी घेतली. त्यांनी कागद-पेन ओढून घेतलं.

"पेशंटचं नाव?"

"पोटोबा."

"वय?"

"तीन वर्षं."

"तक्रार?"

"अंगावर डाग."

"आहार?"

"किडे."

"वा! म्हणजे आपल्या स्टोअरमधली झुरळं कोणाच्या तरी उपयोगी पडतील."

पण काच सरकवल्यावर त्या गंभीर झाल्या. "बुरशीचे धागे दिसत नाहीत. पेशी सुकून मेल्यात, भाजल्यासारख्या. बाहेरून काहीतरी लागलंय याला. घरात कोण कोण हात लावतं?"

परतताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. मी हात लावते, पण माझा हात स्वच्छ असतो. नवरा तिकडे फिरकत नाही. दिवसभर घरात बाबाच असतात.


शनिवार, १५ मार्च

आज पकडले.

अर्धा दिवस असल्यामुळे लवकर आले. बाबा खिडकीशी स्टुलावर बसून घड्याचं झाकण बोटाने वर करत होते. मांडीवर काड्यापेटी, बोटांत बिस्किटाचा तुकडा.

"बाबा! काय टाकताय त्यात?"

ते दचकले. मग हसले. "आज माशी नाही मिळाली. म्हटलं, आधी पोटोबा. उपाशी ठेवायचं का बिचाऱ्याला?"

"म्हणजे रोज टाकता?"

"रोज कुठे? अगं, कंट्रोलरनेच मला..." कंट्रोलर म्हणजे लेक. ती लहानपणापासून त्यांच्यावर हुकूम सोडते म्हणून त्यांनी डेपोतला हुद्दा तिला दिलाय.

मी पुढचं ऐकून घेतलं नाही. तुमच्या हाताला चहा असतो, बिस्किट असतं, तेल असतं, ते सगळं पानांना लागतं. तिने जीव लावलेली वस्तू आहे. तुम्हाला कळत कसं नाही, असं सगळं मी बोलले. आवाज चढला होता. नवरा बाहेर आला आणि तोही म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना!"

बाबा स्टुलावरून उतरले. काड्यापेटी खिशात ठेवली. "चुकलं," म्हणाले आणि खोलीत गेले.

नंतर घडे तपासले. एक काळा पडलाय, आत बिस्किटाचा लगदा कुजलाय, वर पांढरी बुरशी. म्हणजे पुरावाही मिळाला. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायला नको होतं, हे मला कळतं. पण खरं ते खरं.


सोमवार, १७ मार्च

कुंडीला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं. "कृपया झाडाला हात लावू नये." कृपया मुद्दाम लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "हे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठीच."

"सगळे म्हणजे घरात तिघं. एक लिहिणारी. एकाला झाड कुठल्या खिडकीत आहे ते ठाऊक नाही." एवढं बोलून ते वळले. रागावलेले वाटले नाहीत.

तरी जोखीम नको म्हणून संध्याकाळी कुंडी आमच्या खोलीत आणली आणि कपाटाशेजारच्या उंच फळीवर, झरोक्याच्या उजेडात ठेवली. बाबांचा हात तिथवर जात नाही. आता काचेकडची पानंही माझ्या हाताला येतात. फक्त अगदी मागचं एक भिंतीला चिकटलंय. बाकी सगळी नीट पुसून घेतली.


रविवार, २३ मार्च

नवं पान उलगडलं! कोवळं, चकचकीत, एकही डाग नाही. नवरा म्हणाला, "बघ, वेगळं ठेवलं आणि सुधारलं."

बाबाही हल्ली शहाण्यासारखे वागतात. खोलीतच असतात. हाक मारली की जेवायला येतात, ताट उचलून ठेवतात. पंचाचा आवाजही नाही. आज घर इतकं शांत होतं की मला दुपारी छान झोप लागली.

त्यांनी धाकट्या दिरांना फोन केला होता म्हणे. हवापालट करावासा वाटतोय.


शुक्रवार, २८ मार्च

नव्या पानावर तीन डाग. आणि काचेकडची जी पानं स्वच्छ होती, त्यांच्यावरही.

फळी उंच आहे. खोलीला दिवसा कुलूप असतं. (हो, मी कुलूप लावत होते. हे आधी लिहिलं नव्हतं.) बाबा आत येऊच शकत नाहीत.

मग कोण?

आज पुसायला बोळा हातात घेतला आणि पानाजवळ नेता नेता थांबले. वास नाकात गेला. सुया टोचून घेणारी माणसं या वासाने तोंड फिरवतात. मी बोळा टाकून दिला. पण एकदा वास आला म्हणजे काही सिद्ध झालं असं नव्हे.


रविवार, ३० मार्च

अंदाजावर कोणाला दोषी ठरवायचं नाही, असं लॅबमध्ये मी नव्या मुलींना शिकवते. म्हणून रीतसर करायचं ठरवलं. भिंतीला चिकटलेलं शेवटचं पान अजून स्वच्छ आहे. त्याच्या डाव्या अर्ध्यावर स्पिरिट लावलं, उजव्यावर डिस्टिल्ड पाणी. बाकी पानांना आठवडाभर काहीच नाही.

चांगलं पान मुद्दाम पणाला लावलं. डावी बाजू स्वच्छ राहू दे असं मी मनात म्हणत होते. खरं म्हणजे झाडासाठी म्हणत नव्हते.


शनिवार, ५ एप्रिल

डावा अर्धा तपकिरी. मधल्या शिरेपर्यंत डागच डाग, आणि शिरेपाशी रेघ मारल्यासारखे थांबलेले. उजवा अर्धा हिरवागार.

अहवाल स्पष्ट आहे. महिनाभर मी रोज, नंतर दिवसातून दोनदा, लेकीच्या झाडाला भाजत होते. जितके डाग वाढले तितकी जोराने पुसत होते. स्पिरिट उडून जातं, मागे काही उरत नाही! हे वाक्य मी अभिमानाने लिहिलंय इथे. आज मागची पानं वाचली तर प्रत्येक ठिकाणी उत्तर माझ्याच अक्षरात आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी बाबांकडे बोट दाखवलंय.

चहाच्या वेळी सांगणार होते. बाबा कपात बिस्किट बुडवत होते. मी समोर बसले तसं त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं, हात रुमालाला पुसले आणि हात टेबलाखाली घेतले.

मी माझा चहा संपवून उठले.


शुक्रवार, ११ एप्रिल

अजून सांगितलेलं नाही.

कारणं शोधायला मी हुशार आहे. एक घडा तर बाबांनीच कुजवला ना? झाड पूर्ण सुधारल्यावर सांगितलं तर बरं नाही का? आणि सांगून डाग थोडेच जाणार आहेत?

आज लेकीचा फोन आला. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "तुझा पोटोबा वाचला! आजोबांचा हात दूर ठेवला आणि नवा डाग पडायचा थांबला." मी स्वयंपाकघरात ओट्याशी होते. मग फोन बाबांकडे गेला.

"कंट्रोलर, माफ कर गं. माझ्याच हाताने झालं. म्हातारपणी हातात काही द्यायला नको बघ." मग थोडं थांबून, "नाही नाही, तुझी आई बरोबर होती. तिने वेळेवर थांबवलं म्हणून."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. नळ चालू होता, हातात घासलेलंच पातेलं होतं आणि मी ते पुन्हा घासत होते.

पाच एप्रिलपर्यंत मी अजाण होते. त्यानंतर नाही. आज जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, त्याला दुसरं नाव आहे.


मंगळवार, १५ एप्रिल

दीर येत्या रविवारी येताहेत, बाबांना घेऊन जायला. "किती दिवसांसाठी?" मी विचारलं. नवरा म्हणाला, "त्यांना तिथेच बरं वाटलं तर राहू दे की. इथे तसंही दिवसभर एकटेच असतात."

बाबांनी त्यांची चामड्याची जुनी कंडक्टरची पिशवी उन्हात ठेवलीय. हवापालटाला माणूस हिवाळ्याचे कपडे घेऊन जातो का? त्यांनी घेतलेत.


शनिवार, १९ एप्रिल

आज सांगितलं. जसं झालं तसं लिहिते, माझ्या बाजूने काही न घालता.

दुपारी बाबा पलंगावर सदऱ्यांच्या घड्या घालत होते. मी दारात उभी राहिले.

"बाबा, एक सांगायचंय."

"तिकीट फाडून झालंय, सूनबाई. आता थांबा म्हणू नकोस."

"थांबा म्हणायला नाही आले. ते डाग तुमच्यामुळे नव्हते. मी पानं स्पिरिटने पुसत होते. त्याने भाजली ती."

त्यांनी हातातली घडी पुरी केली, सदऱ्यावरून हात फिरवला. "कधी कळलं?"

याच प्रश्नाची भीती होती. "दोन आठवडे झाले."

"म्हणजे मी पोरीची माफी मागत होतो तेव्हा?"

"हो. ठाऊक होतं."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"स्वयंपाकघरात. ऐकत होते."

"हं. म्हणूनच नळ एवढा वेळ चालू होता."

मी वाट पाहत होते की ते "असू दे गं" म्हणतील. ते नेहमी म्हणतात. दूध उतू गेलं तरी म्हणतात, चष्मा फुटला तरी म्हणतात. त्या तीन शब्दांच्या भरवशावरच मी दारापर्यंत आले होते, हे मला तिथे उभं असताना कळलं. ते म्हणाले नाहीत.

"उभ्या नोकरीत मला एक मेमो मिळाला नाही," ते म्हणाले. "चेकर चढला की लोक घाबरायचे, मी त्याला बसायला जागा करून द्यायचो. पहिला मेमो घरात मिळाला. मी सहीसुद्धा करून टाकली, कारण मलाही वाटलं, माझाच हात असेल. या वयात माणसाचा स्वतःच्या हातावर भरवसा राहत नाही गं. तेवढाच राहिला होता थोडा."

मला रडू आलं. त्यांनी रुमाल दिला नाही, पाणीही विचारलं नाही. "मला सांगून काय होणार?" म्हणाले. "मेमो कंट्रोलरकडे गेलाय. तिला सांग. आत्ता, माझ्यासमोर."

फोन लावला. लेकीने सगळं ऐकलं. "स्पिरिट? आई! त्याला टोचायचंच बाकी ठेवलंस!" ती हसली आणि मलाही क्षणभर हायसं वाटलं. मग तिचा आवाज खाली आला. "पण आजोबा त्या दिवशी कसे बोलले माझ्याशी, तू ऐकलंस ना? आणि खायला घालायचं काम मीच दिलं होतं त्यांना. तू पाणी, ते जेवण, असं वाटून दिलं होतं. त्यांनी सांगितलं नाही तुला?"

"सांगत होते," मी म्हणाले. "मी बोलू दिलं नाही."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, झालं ते झालं, आता बाबांना सांगू, जाऊ नका म्हणून." बाबांच्या खोलीकडे गेला आणि दारातूनच परत आला. बराच वेळ पेपर उलटा धरून बसला होता.


रविवार, २० एप्रिल

बाबा गेले.

निघण्याआधी म्हणाले, "झाड बघू दे." मी फळीवरून कुंडी उतरवली आणि खिडकीत, तिच्या जुन्या जागी ठेवली. त्यांनी हात मागे बांधूनच पाहिलं. मी म्हटलं, "हात लावा ना, बाबा." त्यांनी लावला नाही. मग कार्डाचा दोरा सोडला. खिशातून पंच काढला, 'नये'च्या जरा पुढे कडेला धरून दाबला. इतक्या दिवसांनी तो आवाज घरात झाला. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

"हे तिकीट वापरून झालं. आता यावर कोणालाच प्रवास करता येणार नाही. जपून ठेव, चेकरला दाखवावं लागतं."

मग काड्यापेटी दिली. आत वाळलेल्या माश्या, कागदाच्या घडीत नीट ठेवलेल्या. "आठवड्याला एक, जास्त नको. बिस्किट अजिबात नको. ते मात्र माझं चुकलं."

दीर पिशवी घेऊन पुढे झाले होते. मी विचारलं, "परत कधी याल?"

"बघू. धाकट्याकडे चहा किती दिवस गोड लागतो त्यावर आहे."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तो हात घाईत होता. तसं व्हायलाच हवं होतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगते आहे.


रविवार, २७ एप्रिल

आज माशीचा दिवस. जमलं नाही. चिमटा शोधला, हातमोजे शोधले, मग लॅबचे हातमोजे घरी कसे आणायचे यावर विचार करत बसले. उद्या बघू असं ठरवलं. बाबांना फोनही केला नाही. काय सांगणार होते?


रविवार, ४ मे

आणखी एक पान उलगडलंय. स्वच्छ आहे. धूळ बसली तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने टिपते, तेही क्वचित. जुने डाग तसेच आहेत. लेक म्हणते ती पानं कापू नकोस, जेवढी हिरवी उरलीत तेवढी झाडाच्या कामी येतात.

चहा झाल्यावर काड्यापेटी उघडली. चिमटा घेतला नाही. माशी बोटांनी उचलली. वजनच नव्हतं, पाय मात्र बोटाला खरखरीत लागले. स्टुलावर बसून झाकण वर केलं आणि सोडली. आतल्या पाण्यावर ती थोडा वेळ तरंगत राहिली.

हात न धुताच बाबांना फोन लावला. धुवायला गेले असते तर पुन्हा राहिलं असतं.

"बोल, सूनबाई."

"पोटोबा जेवला."

"मागच्या रविवारचं काय?"

"मागच्या रविवारी उपाशी होता. मला जमलं नाही."

"हं. आज कोणी वाढलं?"

"मी."

"कशाने?"

"हाताने."

पलीकडून दिरांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं, फोन तसाच ठेवून ते उठून गेले. मग त्यांनी फोनजवळ धरून पंच वाजवला. एकदाच.